कार्डावरचा साथीदार

कंडक्टरनं माझा दंड धरला, मला पायरीवरून खाली उतरवलं आणि दोनदा बेल मारली. गाडी सुटली. तिची धूळ तोंडात गेली आणि मी हायवेच्या कडेला उभी राहिले. कुठं उभी होते ते मला माहीत नव्हतं. पंप नव्हता, कारण डिझेलचा वास नव्हता. गाव नव्हतं, कारण कोंबडं, पोरं, भांडी, कशाचाच आवाज नव्हता. नुसते ट्रक. हैदराबादकडं जाणारे ट्रक इतक्या जवळून जात होते की पदर ओढल्यासारखा व्हायचा.

उतरवताना तो म्हणाला होता, "आज्जी, पलीकडं जावा. मागं जाणारी गाडी तिकडं थांबती. तिच्यात बसून घरी जावा."

पलीकडं म्हणजे चौपदरी रस्ता ओलांडून. मी आंधळी आहे. दोन्ही डोळ्यांनी, पूर्ण. एकट्या आंधळ्या बाईनं गाडीत बसणं धोक्याचं, म्हणून त्यानं मला एकटीला हायवेवर सोडलं. यात काय चुकलं ते त्याला कळलं नाही, गाडीतल्या माणसांना कळलं नाही, आणि पुढं ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं त्यातल्या निम्म्यांना कळलं नाही. म्हणून आता सगळं सांगते. मी बोलतेय आणि गावातल्या शाळेच्या बाई लिहून घेताहेत. त्यांनी दोनदा विचारलं, "हे जरा मवाळ करू का?" नको म्हणलं.

गाडीत झालं ते असं. आमच्या फाट्यावर मी बसले, कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा सवलतीचं कार्ड पुढं केलं आणि उमरगा म्हणाले.

"सोबत कोण हाय?"

"कोणी न्हाय."

"मग ह्याच्यावर साथीदारासह लिहिलंय ते?"

"साथीदार असला तर त्यालाबी सवलत, असं हाय ते. नसला तर नसला."

"मला कायदा शिकवू नका आज्जी. साथीदारासह म्हणजे साथीदारासह. तुम्ही पडलात तर उद्या माझी नोकरी जाती."

मागून एक माणूस म्हणाला, "बसू द्या हो. उमरग्याला मी हात धरून उतरवतो."

"तुम्ही घेता जिम्मेदारी? द्या लिहून."

माणूस गप्प झाला. लिहून द्या म्हटलं की आपल्याकडं सगळेच गप्प होतात. मग एक बाई दुसरीला म्हणाली, "घरच्यांनी तरी असं सोडावं का? कसली पोरं असतात एकेकाची." दुसरी म्हणाली, "अशांना देवानं लवकर न्यावं बाई, हाल तरी संपतात." हे माझ्या मागच्या सीटवर. आंधळ्याला ऐकूही येत नाही, असं लोक धरून चालतात. मी मागं वळून म्हणलं, "आधी तुझा नंबर लागू दे." त्यावर गाडीत दोघं-तिघं हसले आणि कंडक्टरला ते लागलं. तो एकदम गोड आवाजात बोलायला लागला. "दिव्यांग आहात ना तुम्ही? तुमच्याच सुरक्षेसाठी सांगायलोय. उतरा." पूर्वी आम्हाला आंधळे म्हणायचे आणि गाडीत घ्यायचे.

मी रस्ता ओलांडला नाही. काठीनं कडेचं गवत धरलं आणि गाडी गेली त्याच दिशेनं चालत राहिले. पुष्कळ चालल्यावर फोडणीचा वास आला. ढाबा होता. मागच्या बाजूला भांडी घासणाऱ्या बाईनं ओला हात माझ्या हातात दिला आणि बाजेवर बसवलं. तिनं एवढंच विचारलं, "पाणी पिणार का चहा?" त्या दिवसात मला कुणी विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न. तिच्याच फोनवरून मुलाला फोन लावला.

तो मोटारसायकल घेऊन आला. आल्या आल्या म्हणाला, "म्हणलं नव्हतं का माय, एकटी जात जाऊ नको म्हणून? आता कळलं?"

"काय कळायचंय?"

"लोक मला शिव्या द्यायलेत. आंधळ्या आईला कामाला लावलंय म्हणतात."

"लोकांना सांग, आईला कुणी लावत न्हाय. ती जाते."

त्यानं मोटारसायकलला किक मारली. घरी आलो. उमरग्यात ज्या घरी जायचं होतं तिथल्या म्हातारीचा फोन आला. मुसलमानाचं घर आहे, बागवान आहेत, सुनेला पहिलंच बाळ झालं होतं. म्हातारी म्हणाली, "कां रह गए तुम? बच्चा रोरोके सो गया, नहाया बी नहीं." मी म्हणलं, गाडी चुकली. खरं सांगायची लाज वाटली. लाज त्या कंडक्टरला वाटायला पाहिजे होती, वाटली मला. याचा राग मला अजून आहे.

माझे डोळे काचबिंदूनं गेले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं. मुलगा तेव्हा शाळेत होता. नवरा होता तोवर घर चाललं, नंतर मी चालवलं. सासूनं शिकवलेलं काम हाताशी होतं. बाळंतिणीचं अंग चोळायचं, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, टाळू भरायची, धुरी द्यायची. उमरग्यात दवाखाने आहेत तशी बाळंतपणंही आहेत, आणि मशीननं बाळंतीण केली तरी तिची कंबर कुणीतरी चोळावीच लागते. एका घरातून दुसरं घर मिळत गेलं. ज्या पोरीला मी न्हाऊ घातलं, तिच्या बाळालाही घातलं.

एवढी वर्षं मी गाडीनं एकटीच गेले. फाट्यावर पानटपरीवाला आहे. उमरग्याची गाडी आली की तो ओरडतो, "मावशी, तुमची आली." मी काठी पुढं करते, पायरीला टेकवते, चढते. उतरताना तसंच. सवलतीचं जुनं कार्ड कागदी होतं, घड्या पडून चार तुकडे व्हायला आलेलं. कंडक्टर ते बघायचेसुद्धा नाहीत. एक जण तर म्हणायचा, "मावशे, तुझं कार्ड तुझ्यापेक्षा म्हातारं झालंय." त्यात मला काही वाईट वाटायचं नाही. तो मला उमरग्याला उतरवायचा.

मग सांगण्यात आलं की जुनं कार्ड चालणार नाही, नवं प्लास्टिकचं काढा. त्यासाठी जिल्ह्याला एक शिबिर होतं. मुलगा मला घेऊन गेला. मंडपात पंखे नव्हते. पाय नसलेली, बहिरी, आंधळी, वेडसर, सगळी माणसं एका रांगेत. डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारली असावी, चेहऱ्याला ऊब लागली.

"उजेड कळतो का?"

"न्हाय."

"शंभर टक्के," तो दुसऱ्याला म्हणाला. मुलाला आनंद झाला. त्याला वाटलं मी पास झाले.

पुढच्या टेबलावर एकानं माझ्या डोक्यावरून मुलाला विचारलं, "ह्यांना साथीदार लावायचा का?"

मी म्हणलं, "मी एकटी जाते. मला साथीदार कशाला?"

मागं रांगेत आमच्याच तालुक्यातली माणसं होती. ती एकदम सुरू झाली. "घ्या घ्या, लावून घ्या." "अहो, फुकट मिळायलंय तर सोडायचं कशाला?" "आम्ही सगळ्यांनी लावलाय."

मुलगा म्हणाला, "माय, गप बस. फायद्याचं हाय."

सरकार देतंय म्हटलं की आमच्याकडं माणूस आधी हात पुढं करतो आणि मग विचारतो, काय आहे ते. त्याच शिबिरात पांढऱ्या काठ्या वाटल्या. आमच्या शेजारच्या गावचा एक बहिरा माणूस रांगेत होता, त्यानंही एक घेतली. आता तो तिनं शेळ्या हाकतो. त्याच्या काठीचा कुणाला त्रास नाही. माझा साथीदार मात्र माझ्या मानगुटीवर बसला. नवं कार्ड आलं, त्यावर छापलं होतं, साथीदारासह. जो माणूस नाही, तो कार्डावर आला आणि मी जी आहे, ती त्याच्याशिवाय गाडीत बसायला नालायक झाले.

मला हायवेवर उतरवलं त्यानंतर मी आधी उमरग्याच्या स्टँडवरच्या साहेबाकडं गेले. तो ऐकून म्हणाला, "नियम तसा न्हाय. तुम्ही एकट्या जाऊ शकता."

"मग कंडक्टरला सांगा."

"मावशी, कंडक्टर रोज नवा असतो. कुणाकुणाला सांगू?"

"एका कागदावर लिहून भिंतीला लावा."

तो हसला. म्हणाला, वरून आदेश आला तर लावू.

मग साथीदार काढून घ्यायला ज्या ऑफिसात कार्डाचं काम होतं तिथं गेले. सून बरोबर होती. कॉम्प्युटरवर बसलेला माणूस सुनेशीच बोलत होता. मी म्हणलं, "इकडं बोला. कार्ड माझं हाय."

"आज्जी, साथीदार काढता येत न्हाय. शंभर टक्क्याला तो आपोआप येतो."

"शिबिरात तर विचारून लावला."

"ते मला माहीत न्हाय. काढायचा असेल तर टक्के कमी करून आणा."

"म्हंजे?"

"म्हणजे थोडं थोडं दिसतंय, असं डॉक्टरकडून लिहून आणा."

"मला थोडंबी दिसत न्हाय."

"मग साथीदार राहणार."

"आणि टक्के कमी केले तर निराधाराचा पगार?"

"तो बंद होऊ शकतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कशाला आ बैल मुझे मार करताय? चांगलं मिळायलंय सगळं. घरी बसा."

घरी बसा. हे मला माझे डोळे गेले तेव्हापासून ऐकावं लागतंय. घरी बसलेल्या आंधळ्या बाईला काय मिळतं ते मला माहीत आहे. आमच्याच भावकीत एक होती. ती बसली. तिला भाकरी मिळायची, पण कधी मिळायची ते तिच्या हातात नव्हतं. दार उघडं ठेवा म्हणायचीसुद्धा तिला चोरी होती. मी कामाला जाते म्हणून माझ्या घरात मला विचारून भाजी होते. पगार सरकार देतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, मी तो घेते. पण पगार घेते म्हणून बाकीचं सगळं सोडून द्यायचं, असं कुठं ठरलं होतं?

थोडे दिवस सून साथीदार म्हणून आली. तिला त्या सवलतीचा काडीचा उपयोग नव्हता, कारण आता सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. ती माझ्याबरोबर यायची आणि ज्या घरात मी आत काम करायची त्या घराच्या ओट्यावर बसून राहायची. सोयाबीनची खुरपणी चालू होती. तिसऱ्याच खेपेला ती म्हणाली, "आत्याबाई, माझा रोज बुडायलाय. तुमचं काम होतंय, माझं काय?" तिचं बरोबर होतं. मी म्हणलं, "उद्यापासून येऊ नको." "मग तुम्ही?" "मी बघते," मी म्हणलं. आंधळ्या बाईच्या तोंडी हा शब्द ऐकून तिला हसू आलं, आणि मग मलाही.

बघते म्हणजे काय, तर मी डोळस झाले. सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे ना, मग कार्ड दाखवायचंच कशाला? काठी दिसली की कार्ड मागतात, म्हणून घडीची काठी फाट्यावरच मिटून पिशवीत घालायची. सुनेचा जुना चष्मा लावायचा. माझे डोळे वरून बरे दिसतात. टपरीवाल्याला सांगून ठेवलं, मोठ्यानं ओरडू नको, नुसता खोकत जा. तो असा खोकायचा की त्याला दवाखान्यात न्यावं. चढताना दांडी धरायची, पाय चाचपून टाकायचे, गुडघे दुखतात म्हणायचं. म्हाताऱ्या बाईचे गुडघे दुखतात, यावर कुणी शंका घेत नाही. हात पुढं करून पहिली सीट लागेल तिथं बसायचं आणि तोंड खिडकीकडं करायचं. "एक उमरगा." हातात सुट्टे तयार.

एकदा शेजारचा म्हणाला, "आज्जी, ते बघा, ट्रक कसा पलटी झालाय."

"बघितलं की. लई वाईट झालं."

एकदा फाट्यावर एक बाई म्हणाली, "मावशी, कुठली गाडी आली बघा की, माझा चष्मा घरी राहिलाय."

"मला वाचता येत न्हाय बाई. शाळेचं तोंड बघितलं न्हाय म्या."

मी चौथी शिकलेली आहे. चांगल्या मार्कांनी पास झाले होते. आंधळी दिसू नये म्हणून अडाणी झाले. सरकारनं आंधळ्यांसाठी सवलत काढली आणि ती मिळाल्यापासून मला डोळसाचं सोंग घ्यावं लागलं, हे मी ऑफिसातल्या त्या माणसाला सांगायला पाहिजे होतं. पण तो म्हणाला असता, टक्के कमी करून आणा, तुम्हाला दिसतंय तर.

सोंग पावसाळाभर चाललं. काम बुडालं नाही. नंतर एक दिवस उमरग्याच्या स्टँडवर गाडी नेहमीच्या जागेवर लागली नाही, आवारातच अलीकडं थांबली. लोक उतरायला लागले, मीही उतरले. काठी पिशवीत. काठी हातात असती तर पहिल्यांदा काठी खाली गेली असती. पाय गेला. नालीचं तोंड उघडं होतं. मी उजव्या हातावर पडले आणि आतून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

कंडक्टर धावत आला. "म्हातारे, समोर नाली हाय ते दिसत न्हाय का तुला?"

मी म्हणलं, "न्हाय."

लोकांनी उचललं. चष्मा कुठं गेला कळलं नाही. कुणीतरी पिशवी उचलली, त्यातून काठी बाहेर आली. मग एक जण म्हणाला, "आंधळी हाय की ही!" आणि लगेच सगळ्यांचं सुरू झालं. "एकटी कशाला फिरती मग?" "सोबत कुणी न्हाय का?" "म्हणून तर साथीदार देतात ना सरकार."

मुलगाही प्लास्टर घालताना हेच म्हणाला. "झालं का समाधान? म्हणूनच साथीदार लागतो." सगळ्यांना पुरावा मिळाला. मी पडले, म्हणजे कंडक्टर बरोबर, ऑफिस बरोबर, शिबिरातली रांग बरोबर. मी इतकी वर्षं काठी घेऊन त्याच स्टँडवर उतरत होते आणि एकदाही पडले नव्हते, हे कुणाच्या हिशेबात नाही. मी आंधळी म्हणून पडले नाही. आंधळी असताना डोळसासारखं उतरावं लागलं म्हणून पडले.

हाड जुळलं. मनगट पूर्ण फिरत नाही. बाळ पायावर घेतलं की त्याची मान एका हातावर धरावी लागते. तो हात आता माझ्या भरवशाचा राहिला नाही, आणि ज्या हाताचा मला भरवसा नाही त्यात मी दुसऱ्याचं लेकरू घेणार नाही. बाळांचं काम सोडलं. बागवानांची म्हातारी म्हणाली, "बच्चे को मैं नहलाती, तुम बहू की कमर देखो." तेवढं राहिलं. डाव्या हातानं जास्त जोर लावते.

पुन्हा निघाले त्या दिवशी मुलगा दारात आडवा उभा राहिला.

"जाऊ नको माय."

"सरक."

"पडलीस तर मी येणार न्हाय न्यायला."

"नको येऊ. सरक."

तो सरकला. तो येईल हे त्यालाही माहीत होतं.

या वेळी काठी हातात उघडी ठेवली. टपरीवाला पूर्वीसारखा ओरडला. कंडक्टर बाई होती, नवीन. कार्ड बघून म्हणाली, "आज्जी, सोबत कोण?"

"कोणी न्हाय."

"मग नेता येत न्हाय. उतरा."

"उतरत न्हाय."

"मी गाडी थांबवीन."

"थांबव."

तिनं थांबवली. मी सीटच्या दांडीला डावा हात गुंडाळून बसले. गाडीतले लोक आधी कुजबुजले, मग भडकले. तिच्यावर नाही, माझ्यावर.

"उतर की म्हातारे, माझी कोर्टाची तारीख हाय!"

"ओ आज्जी, एका तुमच्यापायी सगळ्यांचा खोळंबा."

"आंधळी आणि वर माज बघा."

मी म्हणलं, "मला उतरवायचं तर उचलून उतरवा. मागच्या वेळी मी पायानं उतरले, आता उतरत न्हाय. आणि उचलणाऱ्यानं नाव सांगून उचला."

कुणी उठलं नाही. ती पोरगी, आवाजावरून पोरगीच होती, माझ्याजवळ वाकून म्हणाली, "आज्जी, मला नोटीस निघल हो. नवीन लागलेय मी."

"माझा हात मोडलाय, ह्याच कार्डापायी. तुला नोटीस निघली तर मी येते साक्षीला. एकटी येते."

पुढून ड्रायव्हर ओरडला, "अगं ए, मार की बेल! डिझेल जळायलंय." मग बेल वाजली.

उमरग्यापर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. उतरताना कुणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. त्यानंतर काही बदललं असं समजू नका. कार्ड तेच आहे, त्यावरचा शब्द तोच आहे. एखादा कंडक्टर काही बोलत नाही, एखादा बोलतो आणि मग तेच सगळं पहिल्यापासून. लोक तसेच ओरडतात. मी आता कार्ड दाखवते, काठी दाखवते, आणि बसून राहते. सोंग पुन्हा घेतलं नाही.

हे सगळं माझ्यावर आलं. मी उमरग्याकडच्या एका गावची म्हातारी आहे, चौथी पास, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, बाळंतिणींचं अंग चोळणारी.